दहावीनंतर कारागिरीची वाट धरायची असेल तर : कोल्हापुरातल्या मुलामुलींसाठी आणि घरच्यांसाठी

दहावीचा निकाल लागला की कोल्हापुरात घरोघरी एकच हिशेब मांडला जातो. नव्वदच्या वर असेल तर सायन्स, पंचाहत्तरच्या आसपास असेल तर डिप्लोमा किंवा कॉमर्स, आणि कुठेच जमत नसेल तर 'आयटीआयला घाला.' या शेवटच्या वाक्यातच खरी खोट आहे. कुठेच जमलं नाही म्हणून ढकललेलं पोर वर्कशॉपमध्येही ढकललेलंच राहतं. ज्या कामात केसाच्या निम्म्या जाडीइतका फरक पडला तरी जॉब (घडवायचा तुकडा) भंगारात जातो, तिथं लक्ष, गणित आणि धीर तिन्ही लागतात. ज्याच्याकडे ते आहेत आणि ज्याला हातानं काही घडवायची ओढ आहे, त्यानं ही वाट पहिली पसंती म्हणून धरावी. मग भले त्याला नव्वद टक्के असोत.

ट्रेड (आयटीआयमधला अभ्यासक्रम) कुठला घेतला यावर जेवढं अवलंबून असतं, त्यापेक्षा कितीतरी जास्त पहिल्या तीन-चार वर्षांत कुणाच्या हाताखाली आणि नेमकं काय शिकलात यावर असतं. पुढचं सगळं याच एका गोष्टीभोवती फिरणार आहे.

निकालाच्या आधी करायची तपासणी

दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते आणि निकालापर्यंत दीड-दोन महिने हातात असतात. ते वाया घालवू नका. ओळखीच्या माणसाबरोबर शिवाजी उद्यमनगरातल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये चार-पाच दिवस जा आणि नुसतं बघा. काम करायचं नाही. चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोकादायक कामावर लावायला कायद्यानं बंदी आहे, आणि फाउंड्री (धातूचं ओतकाम), प्रेस, ग्राइंडर ही पोरांनी सहज हात लावून बघायची यंत्रं नव्हेत. बघायचं ते असं : आठ तास उभं राहणं सोसतंय का, कूलंटचा (कापताना टूल थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) आणि तेलाचा वास डोक्यात जातो का, एकच काम शंभरदा होताना पाहून कंटाळा येतो की शंभराव्या जॉबलाही 'हा असा का झाला' हा प्रश्न पडतो. हा प्रश्न पडत असेल तर अर्धी परीक्षा तिथंच पास झाली.

उरलेली अर्धी घरी करता येते. नळाचा एखादा जुना नट किंवा सायकलचं पेडल घ्या आणि ते समोरून, वरून आणि बाजूनं कसं दिसतं ते कागदावर मापासकट काढा. चित्र सुबक यायला नको. समोरची उंची आणि बाजूची उंची जुळली पाहिजे, एवढंच. ज्याला वस्तू मनातल्या मनात फिरवून बघता येते त्याला ड्रॉइंग वाचायला जड जात नाही. गणितात अपूर्णांक, दशांश, त्रिकोणमितीतले साइन-टॅन आणि पायथागोरस एवढं पक्कं हवं. टेपर (निमुळता भाग) कापताना टॅन लागतोच, टाळता येत नाही.

एक तपासणी डॉक्टरांकडची. इलेक्ट्रिशियन व्हायचं असेल तर रंगांधळेपणाची चाचणी आधीच करून घ्या. लाल, पिवळा, निळा फेज, काळा न्यूट्रल आणि हिरवी अर्थिंग यांत गोंधळ झाला तर तो जिवावर बेततो. लहानपणापासून दमा असेल तर फाउंड्री आणि फेटलिंगपासून (ओतीव घासून साफ करण्याच्या कामापासून) लांब राहा. कातडीला खाज, पुरळ लवकर येत असेल तर रोज कूलंटमध्ये हात घालण्याचं काम नको. मेंटेनन्स, इलेक्ट्रिकल किंवा ड्राफ्ट्समन बघा.

कोल्हापूर जिल्हा कामाच्या नजरेनं

शेतीच्या पाण्याला ऑइल इंजिन लागायचं. त्याची दुरुस्ती करता करता इथल्या मिस्त्रींनी इंजिनं घडवली, त्यातून फाउंड्री आल्या, आणि फाउंड्रीमागे मशीनशॉप आली. म्हणून आज एका जिल्ह्यात ओतकामापासून फिनिश पार्टपर्यंत सगळं मिळतं. शिकणाऱ्याच्या दृष्टीनं मात्र प्रत्येक भाग वेगळा आहे.

उद्यमनगरात छोटी वर्कशॉप. सकाळी पंपाची शाफ्ट, दुपारी उसाच्या चरकाचं बेअरिंग हाउसिंग, संध्याकाळी कुणाचं तरी तुटलेलं गिअर. विविधता भरपूर, पण मापाची नोंद, कागदपत्रं, सुरक्षा यांची शिस्त मालकाच्या स्वभावावर. शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीत फाउंड्री आणि त्यांना जोडलेली सीएनसी-व्हीएमसीची (संगणकावर चालणाऱ्या कटिंग यंत्रांची) मशीनशॉप. कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीत मोठे कारखाने. तिथं तपासणीचे तक्ते, गेज कॅलिब्रेशन (मापाची साधनं बरोबर आहेत ना याची तपासणी), शिफ्टचा रिपोर्ट हे सगळं काटेकोर, पण एकच पार्ट वर्षभर. इचलकरंजीत आता साध्या यंत्रमागांबरोबर शटललेस, एअरजेट माग आलेत, आणि तिथं इलेक्ट्रॉनिक्स समजणारा मेकॅनिक हवा असतो. साखर कारखान्यांत हंगाम संपला की उन्हाळ्यापासून सगळा प्लँट खोलून दुरुस्तीला काढतात. त्या चार-पाच महिन्यांत फिटर, वेल्डर, बॉयलरचं काम जाणणाऱ्यांना मान असतो. हुपरीची चांदी आणि कोल्हापुरी चप्पल हे धंदे वेगळ्या घडणीचे. तिथं आयटीआयपेक्षा घरातला किंवा उस्तादाचा हात महत्त्वाचा. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे.

आमचं मत असं : मोजमापाची शिस्त मोठ्या कारखान्यात अंगात मुरवा आणि मग दोन वर्षं छोट्या वर्कशॉपमध्ये किंवा टूलरूममध्ये (जिथं साचे आणि पकडी बनतात) घालवा. उलट क्रमानं गेलेल्यांच्या हातात कसब असतं, पण 'अंदाजे बरोबर आहे' ही सवय सुटता सुटत नाही.

ट्रेड निवडताना

फिटर, टर्नर (लेथवर जॉब फिरवून कापणारा), मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन, टूल अँड डाय मेकर हे ट्रेड दोन वर्षांचे. वेल्डर, फाउंड्रीमन, मेकॅनिक डिझेल, प्लंबर एक वर्षाचे. वेल्डर, वायरमन, प्लंबर यांना आठवी पासही चालतं. पण जमत असेल तर दहावी पूर्ण करूनच जा. पुढे डिप्लोमाची दारं दहावीवरच उघडतात.

लोक फिटर किंवा इलेक्ट्रिशियन पहिल्यांदा लिहितात, कारण 'कुठेही चालतं.' ते खरं आहे, पण म्हणूनच त्यांच्यात गर्दीही तेवढीच. कोल्हापूरच्या मशीनशॉपांना टर्नर आणि मशिनिस्टची गरज थेट असते. टूल अँड डाय अवघड आहे, आणि ज्याचं ड्रॉइंग चांगलं त्यानं तोच घ्यावा. डाय (साचा) आणि फिक्स्चर (जॉब पकडायची चौकट) बनवणारा माणूस सहज बदलता येत नाही.

फाउंड्रीमन हा नाव ऐकूनच नाकारला जाणारा ट्रेड. घरच्यांच्या डोळ्यांपुढे फक्त भट्टी आणि घाम येतो. पण फाउंड्रीत वाळूची प्रयोगशाळा, पॅटर्न, मेल्टिंग, रनर-रायझरची (साच्यात धातू नेणाऱ्या आणि जादा धातू पुरवणाऱ्या वाटांची) आखणी हे सगळं येतं. ओतीव तुटलं की तुटलेल्या भागाकडे पाहून कारण सांगणारा माणूस फाउंड्रीत फार थोडा सापडतो. गोलसर, गुळगुळीत पोकळी दिसली तर वायू अडकला, म्हणजे वाळूत ओल जास्त किंवा व्हेंट (वायू निघायची भोकं) कमी. ग्रीन सँडमध्ये (साच्याच्या ओलसर वाळूत) ओल साधारण तीन ते चार टक्क्यांत ठेवतात, ती वाढली की ब्लोहोल वाढतात. दोन प्रवाह भेटले पण एकजीव झाले नाहीत अशी रेघ दिसली तर धातू थंड ओतला. जाड भागात खडबडीत, फाटल्यासारखी पोकळी असेल तर ती आकसण्याची, रायझर कमी पडला. हे ओळखायला पदवी लागत नाही. शेकडो तुटलेली ओतीवं हातात घेऊन नीट बघावी लागतात, आणि शेजारी सांगणारं कुणीतरी लागतं.

वेल्डरचा ट्रेड एक वर्षाचा असल्यानं सोपा समजतात. सपाट जागी पट्टी जोडणं सोपंच आहे. पाइप ४५ अंशात बांधून, न फिरवता, खालून वरून सगळीकडून जोडायचा, याला ६जी पोझिशन म्हणतात. तिथं बहुतेकांचं मूळ रनच (जोडाचा सगळ्यात आतला पहिला थर) बसत नाही. बॉयलरच्या कामाला तर इंडियन बॉयलर रेग्युलेशन्सप्रमाणे परीक्षा दिलेलाच वेल्डर लागतो. म्हणून नुसता आयटीआय करून थांबायचं असेल तर वेल्डर घेऊ नका. ३जी (उभा जोड), ४जी (डोक्यावरचा जोड), ६जी अशा पायऱ्या चढायच्या असतील तर जरूर घ्या.

संस्था बघायला जा, जाहिरात वाचू नका

कोल्हापुरात शासकीय आयटीआय कळंबा रस्त्याला आहे, तालुक्यांच्या ठिकाणी वेगळ्या आहेत, शिवाय खासगी आहेतच. सरकारी फी खासगीच्या मानानं किरकोळ असते, त्यामुळे यादीत सरकारी वर ठेवणं साहजिक. तरीही अर्ज भरण्याआधी कामाच्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास, जाऊन शेड बघा.

लेथ मोजा आणि त्यातले किती फिरताहेत ते मोजा. तुकडी साधारण वीस जणांची असते. चालू लेथ चारच असतील तर तुमच्या मुलाच्या वाट्याला दिवसातून तास-दीड तासही येणार नाही. मग भंगाराचा डबा बघा. तिथं ताजी, चमकणारी चिप्स असतील, वेल्डिंगच्या केबिनखाली इलेक्ट्रोडची थोटकं पडलेली असतील, तर मुलं काम करताहेत. डबा रिकामा आणि मशीन चकाचक असेल तर समजून जा. स्टोअरमध्ये इलेक्ट्रोड, हॅकसॉ ब्लेड, ड्रिल शिल्लक आहेत का ते विचारा. निदेशक प्रत्येक ट्रेडला कायम आहे की एकच माणूस दोन तुकड्या सांभाळतोय, हेही विचारा. राग येईल, येऊ द्या. ड्युअल सिस्टिमनं काही महिने कारखान्यात शिकवणारी तुकडी असेल तर तिला प्राधान्य द्या.

अर्ज

राज्यात आयटीआय प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या केंद्रीय ऑनलाइन प्रक्रियेतून होतो. दहावीची गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला निकालानंतरच मिळतात. आधार, अधिवास, आणि लागू असेल तर जातीचा दाखला व नॉन-क्रिमीलेअर, हे मात्र निकालाच्या आधी जमवून ठेवा. नॉन-क्रिमीलेअरसाठी तहसीलमध्ये दर जूनमध्ये रांग लागते. तो एप्रिलमध्ये काढलेला बरा.

सगळ्यात जास्त चूक पसंतीक्रमात होते. पहिल्या क्रमांकाची जागा मिळाली तर ती घ्यावीच लागेल असं धरून क्रम लावा. 'मिळेल का बघू' म्हणून नको असलेला ट्रेड वर लिहिला आणि तोच मिळाला, असं दरवर्षी होतं. ट्रेड आणि संस्था दोन्ही मनापासून हवी असेल तीच जोडी वर. घरापासूनचं अंतर तिसऱ्या नंबरवर ठेवा. एसटीचा पास काढून तासभर प्रवास केला तरी चालतो, जवळच्या रिकाम्या शेडमध्ये दोन वर्षं बसणं परवडत नाही.

आयटीआयची वर्षं

हजेरी ८० टक्के हवी, नाहीतर परीक्षेला बसता येत नाही. प्रात्यक्षिकाला ६० टक्के गुण लागतात.

सुरुवातीचे काही आठवडे फायलिंगच असतं. पोरं कंटाळतात, 'आजकाल कोण फाइल मारतं' म्हणतात. फाइल मारताना हाताला कळतं की पाच शतांश मिलिमीटर म्हणजे किती. ती जाणीव पुढे व्हीएमसीवरही उपयोगी पडते. स्वतःचा १५० मिमीचा व्हर्निअर आणि ०-२५ चा मायक्रोमीटर घ्या, चांगल्या कंपनीचा. मोबाइल एक वर्ष उशिरा घेतला तरी चालेल. व्हर्निअर ०.०२ मिमीपर्यंत वाचतो, मायक्रोमीटर ०.०१ पर्यंत. कुठल्या मापाला कुठलं साधन हे कळलं नाही तर पुढे दर दुसऱ्या जॉबला भांडण होतं.

फेरे (जॉब मिनिटाला किती वेळा फिरवायचा) काढायचं गणित तोंडपाठ हवं : कटिंग स्पीडला १००० नं गुणा, आणि ३.१४ गुणिले व्यासानं भागा. ५० मिमीचा माइल्ड स्टीलचा रॉड, एचएसएस (हाय-स्पीड स्टील) टूल, वेग मिनिटाला ३० मीटर धरला तर फेरे साधारण १९०. तोच रॉड कार्बाइड इन्सर्टनं १५० मीटरला चालवला तर ९५५. टर्नरनं हे डोक्यात करावं. लेथवर सवयीनं एकाच गिअरला सगळे जॉब चालवणारे असतात, आणि त्यांचं टूल का जळतं हे त्यांना कळत नाही.

एक वही ठेवा, रोजची. जॉबचं रेखाटन, मटेरियल, टूल, फेरे, फीड, काय चुकलं, का चुकलं. परीक्षेच्या जर्नलसारखी सुंदर अक्षरातली नव्हे, तेलाचे डाग पडलेली. पहिल्या मुलाखतीत प्रमाणपत्राबरोबर ही वही टेबलावर ठेवा.

अप्रेंटिसशिप : इथं घाई करू नका

आयटीआय संपताच ठेकेदार दारात उभा असतो. महिन्याला हजार-दोन हजार जास्त देतो म्हणतो. पोरगं जातं, आणि अप्रेंटिसशिप (करार करून, विद्यावेतनावर कारखान्यात शिकणं) राहून जाते. हा तोटा पुढे कायम नडतो.

अप्रेंटिस कायदा १९६१ चा. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना एकूण संख्येच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात, त्यामुळे जागा असतात. दोन वर्षांचा आयटीआय झालेल्यांना बहुतेक ट्रेडमध्ये एक वर्ष करावं लागतं. शेवटी अखिल भारतीय परीक्षा होऊन राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र मिळतं. २०१९ च्या नियमांत किमान विद्यावेतन पात्रतेप्रमाणे महिना ५००० ते ९००० रुपये ठरलं, दुसऱ्या वर्षी त्यात दहा टक्के वाढ. रक्कम नंतर बदलू शकते, म्हणून करार करताना सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवरचा चालू आकडा बघूनच सही करा. धोकादायक उद्योगात अप्रेंटिसचं वय किमान १८ लागतं, म्हणून फाउंड्रीचा विचार असेल तर वयाचा हिशेब आधी करा.

करार पोर्टलवर नोंदला गेला का आणि त्याचा क्रमांक मिळाला का, हे पहिल्याच आठवड्यात बघा. 'आपल्याकडं अप्रेंटिसच आहेस तू' असं तोंडी सांगून वर्षभर राबवलं, आणि परीक्षेच्या वेळी नावच नाही, असं घडतं. तसं झालं की ते वर्ष परत मिळत नाही.

पहिली नोकरी : बटण की सेटिंग

इथं सगळ्यात जास्त पोरं अडकतात, म्हणून सविस्तर.

सीएनसी ऑपरेटर म्हणून लागलं की काम सोपं असतं. जॉब चकमध्ये (मशीनच्या पकडीत) घालायचा, दार बंद करायचं, हिरवं बटण दाबायचं, काढायचा, गेज लावायचा. पगार पहिल्या दिवसापासून ठीक वाटतो. पाच वर्षांनीही तेच चालू असतं, आणि शेजारी रोबो हात बसला की सगळ्यात आधी ऑपरेटरचीच जागा जाते. शेजारच्याच मशीनवरचा सेटर (नव्या जॉबसाठी मशीन लावून देणारा) मात्र दर नव्या जॉबला लागतो.

म्हणून मुलाखतीत पगाराच्या आधी तीन गोष्टी विचारा. सेटिंग कोण करतं? ऑफसेट (टूलच्या मापातली दुरुस्ती) ऑपरेटरला देता येतो की कुलूप आहे? वर्षात किती वेगवेगळे पार्ट चालतात? कुलूप असेल आणि एकच पार्ट असेल तर तिथं एका वर्षापेक्षा जास्त थांबू नका, पगार कितीही असो.

ऑफसेट म्हणजे काय ते बघा. ड्रॉइंगवर व्यास ४०.०० आणि सूट खालच्या बाजूला ०.०३. म्हणजे ३९.९७ ते ४०.०० मध्ये सगळं चालतं. मोजल्यावर ४०.०५ आलं. नवखा ०.०५ कमी करतो, जॉब ४०.०० वर येतो, आणि इन्सर्ट जरा झिजला की पुढचे दोन जॉब वरच्या बाजूला बाहेर. बाहेरचा व्यास इन्सर्ट झिजेल तसा वाढतच जातो. जाणकार मधल्या मापावर, ३९.९८५ वर, नेम धरतो आणि ०.०६५ कमी करतो. शिवाय मोजण्याआधी जॉब थंड होऊ देतो. शंभर मिमी व्यासाचा पोलादी जॉब आजूबाजूच्या हवेपेक्षा ३० अंशांनी तापलेला असला तर सुमारे ०.०३५ मिमी फुगलेला असतो. गरम असताना मोजून 'ओके' म्हटलेला जॉब तपासणीच्या टेबलावर लहान भरतो, आणि दोष मशीनवर जातो.

पुढची पायरी सॉफ्ट जॉ (चकचे मऊ, जॉबप्रमाणे कापून घ्यायचे जबडे) बोअर करण्याची. तीन जॉवर १, २, ३ नंबर असतात, ते त्याच खाचेत बसवायचे. जॉबवर जेवढं प्रेशर असेल तेवढंच प्रेशर ठेवून, आत एक प्लग पकडून, म्हणजे जॉ दाबलेल्या अवस्थेत असताना, जॉबच्या व्यासाइतकं बोअर करायचं. मोकळ्या जॉला बोअर केलं की जॉब पकडताना जॉ तिरके होतात आणि रनआउट (फिरताना जॉब डगमगणं) येतो. आतल्या कोपऱ्यात थोडी खोबण सोडायची, नाहीतर चिप्स तिथं अडकून जॉब टेकत नाही. मग जॉब पकडून डायल (सुईचं मापयंत्र) लावायचा आणि हातानं फिरवून सुई किती हलते ते बघायचं. पातळ भिंतीचा बुश असेल तर आणखी एक गोष्ट : मशीनवर बोअर गोल येतं, चकमधून काढलं की तीन ठिकाणी दबलेलं भरतं. प्रोग्रामचा दोष शोधत लोक दिवस घालवतात, दोष असतो चक प्रेशरचा. फिनिश कटला प्रेशर कमी करा, किंवा जॉबला सगळीकडून वेढणारे रुंद जॉ करा.

साधारण हिशेब असा ठेवा. पहिल्या सहा महिन्यांत गेज आणि लोडिंग पक्कं, वर्षअखेर ऑफसेट, तिसऱ्या वर्षापर्यंत स्वतंत्र सेटिंग, पाचव्यापर्यंत प्रोग्राम आणि फिक्स्चर. दीड वर्ष एकाच पायरीवर गेलं तर जागा बदला. दर तीन महिन्यांनी पाचशे रुपयांसाठी उड्या मारणारे मात्र कुठलीच पायरी पूर्ण करत नाहीत.

इलेक्ट्रिशियननं नोकरीबरोबर तारतंत्री (वायरमनचा) परवाना काढून ठेवावा, बाहेरची वायरिंगची कामं करायला तो लागतो. वेल्डरनं लो-हायड्रोजन ७०१८ इलेक्ट्रोड ओव्हनमध्ये तापवून, गरम ठेवूनच वापरायची सवय लावावी. पावसाळ्यात उघड्या पुड्यातली काडी ओल धरते आणि जोडाला आतून तडा जातो. वरून काहीच दिसत नाही.

पगाराची चिठ्ठी दर महिन्याला घ्या. पीएफचा यूएएन क्रमांक स्वतःच्या मोबाइलला जोडा आणि पासबुकात रक्कम जमा होतेय का ते स्वतः बघा. ओव्हरटाइमचा दर दुप्पट असतो, हे माहीत असू द्या.

शरीर हे पहिलं भांडवल

फाउंड्री आणि फेटलिंगमधली सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात बसली की परत निघत नाही. रुमाल बांधणं म्हणजे संरक्षण नव्हे, फिल्टरचा रेस्पिरेटरच लागतो. भट्टीवर पँट बुटाच्या बाहेरून सोडायची, आत खोचायची नाही. खोचलेल्या बुटात धातूचा थेंब पडला तर बूट काढेपर्यंत पाय भाजतो. ओलं भंगार भट्टीत पडलं की पाण्याची वाफ होऊन धातू उसळतो. गॅल्व्हनाइज्ड पत्रा वेल्ड केल्यावर संध्याकाळी थंडीताप येतो तो जस्ताच्या धुराचा, त्यावर दूध पिऊन काही होत नाही. कोटिंग घासून काढा, हवा खेळती ठेवा. लेथवर हातमोजे, अंगठी, लांब बाही नको. चक बोट ओढतो तेव्हा हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही. यातली एकही गोष्ट नोकरी टिकवण्यासाठी सोडू नका.

घरच्यांची समजूत

विरोध दोन गोष्टींवरून होतो. 'डिग्री नाही' आणि 'सोयरीक जुळायची नाही.' दुसरी चिंता खरी आहे, ती हसण्यावारी नेऊ नका. पण पहिलीचं उत्तर आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. भाषा विषयांची परीक्षा देऊन बारावीची समकक्षता मिळते. नोकरी करत यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी करता येते. आयटीआयनंतर एक वर्षाचं निदेशक प्रशिक्षण केलं तर शिकवण्याची वाटही आहे.

वडिलांशी बोलताना वादावादी नको, कागदावर दोन रकाने करा. एका बाजूला बारावी, चार वर्षं पदवी, फी, वसतिगृह, आणि बाविसाव्या वर्षी पहिला पगार. दुसऱ्या बाजूला आयटीआय, अप्रेंटिसशिप, आणि एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी पहिला पगार, वर डिप्लोमाची तयारी. डॉक्टर-वकील होण्याची कुवत आणि ओढ असेल तर तिकडंच जावं, त्यात दुमत नाही. ज्याला ओढ नाही त्याला केवळ 'नाव' हवं म्हणून सहा वर्षं घालवायला लावू नका. मुलींच्या बाबतीत 'हे बायकांचं काम नाही' हे वाक्य व्हीएमसी, सीएमएम (मापं घेणारं संगणकी यंत्र) तपासणी, प्रोग्रामिंग यांना तर लागूच पडत नाही. घरच्यांनी पाळ्यांची वेळ, ये-जा आणि कारखान्यातल्या सोयी पाहून ठरवावं.

स्वतःचं वर्कशॉप काढताना

सात-आठ वर्षांनी हा विचार डोक्यात येतोच. सेटिंग येतं म्हणून धंदा जमतो असं नाही, पहिली चूक दरात होते. एक नमुना हिशेब घ्या. व्हीएमसीचा हप्ता ३४,०००, दोन पाळ्यांच्या ऑपरेटरांचे ४०,०००, वीज १८,०००, जागा १२,०००, टूल आणि कूलंट १६,०००. महिन्याला १,२०,०००. दोन पाळ्या, पंचवीस दिवस, म्हणजे ४०० तास. भागाकार करून तासाला ३०० रुपये खर्च धरला आणि ३५० नं काम घेतलं. पण सेटिंग, जॉबची वाट बघणं, लाइट जाणं, दुरुस्ती यांत वेळ जातो. खरं कटिंग ६५ टक्के धरलं तर २६० तास, म्हणजे खर्च तासाला ४६० च्या वर. पन्नास रुपये मिळवतोय असं वाटत असताना दर तासाला शंभराहून जास्त गमावत असतो, आणि कळतं ते सहा महिन्यांनी, हप्ता थकल्यावर.

म्हणून मशीन घेण्याआधी निदान दोन गिऱ्हाइकांकडून वर्षभराच्या कामाचं लेखी पत्र घ्या. एकाच कंपनीवर सगळा भार टाकू नका. उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंद) ऑनलाइन आणि फुकट आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. २०२३ मध्ये सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना सुतार, लोहार, सोनार, चर्मकार अशा १८ पारंपरिक कारागिरींसाठी आहे. तिच्यात आधी एक लाख आणि ते फेडल्यावर दोन लाखांपर्यंत पाच टक्के व्याजानं कर्ज मिळतं. सीएनसी शॉपला ती लागू नाही, पण हुपरीच्या चांदी कारागिरानं किंवा चप्पल कारागिरानं जरूर बघावी.

उद्यम नोंदणी झाली की पैसे अडकण्यावर कायद्याचा आधार मिळतो. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत रक्कम द्यावी लागते. त्यासाठी प्रत्येक चलनावर (माल पाठवल्याच्या पावतीवर) माल घेणाऱ्याची सही, तारीख आणि नगांची संख्या हवी. रिजेक्ट होऊन परत आलेले नग वेगळ्या चलनावर घ्या आणि कारण त्याच वेळी लिहून घ्या. वर्षाच्या शेवटी हिशेबाला बसल्यावर 'तुमचे किती नग खराब होते ते आता कुणाला आठवतंय' या वाक्यावर पैसे कापले जातात, ते याच कागदानं थांबतं.